ओव्हरस्पीडमध्ये गाडी थांबवली? उद्योजकाने रस्त्यावर काय करायचं आणि दुकानात काय बदलायचं



आपण नेहमी मार्केटिंग, उधारी, जीएसटी, लोन यावर बोलतो. आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, "सर, हे तर आरटीओचं काम झालं, याचा धंद्याशी काय संबंध?" संबंध आहे, आणि मोठा आहे. तुमचा माल रस्त्यावरून जातो. नांदगाव पेठच्या बिझीलँड-सिटीलँडमधून कापड उचलून अकोल्याला नेणारा असो, अकोल्याच्या डाळ मिलमधून अमरावतीच्या किराणा दुकानात माल टाकणारा असो, की मूर्तिजापूरहून पनीर-खवा घेऊन येणारा असो, महिन्यातून एकदा तरी पोलीस हात दाखवतात आणि म्हणतात, "गाडी साइडले घ्या."

त्यानंतरची दहा मिनिटं कशी घालवायची, हे आपल्याला कोणी शिकवत नाही. म्हणून कोणी घाबरून खिशात हात घालतो, कोणी आवाज चढवतो, कोणी नेत्याला फोन लावतो. तिन्हीमध्ये नुकसान आपलंच. आणि या दहा मिनिटांचं मूळ बहुतेक वेळा रस्त्यावर नसतं. ते आपल्या दुकानात, आपण गिऱ्हाईकाला दिलेल्या शब्दात असतं. तिथपर्यंत आपण शेवटी येऊच.

आधी लिमिट माहीत करून घ्या

अमरावती-अकोला रस्ता आपल्याला माहीतच आहे. जून २०२२ मध्ये याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटरचा डांबरी काँक्रीटचा थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज रेकॉर्ड झाला होता. रस्ता चांगला झाला की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जड होतो. पण रस्ता कितीही गुळगुळीत असला तरी लिमिट तीच राहते.

आता नीट लक्ष द्या, इथेच बहुतेक जण फसतात. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये वाहनांच्या कमाल वेगाची अधिसूचना काढली. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर:

- कार (चालक धरून ९ सीटपर्यंत): ताशी १०० किमी
- मालवाहू गाडी, म्हणजे छोटा हत्ती, पिकअप, आयशर सगळं: ताशी ८० किमी
- मोटारसायकल: ताशी ८० किमी
- तीनचाकी: ताशी ५० किमी

महापालिका-नगरपालिकेच्या हद्दीत कारला ७०, मालवाहू गाडीला ६०, मोटारसायकलला ६०. आणि ही वरची मर्यादा झाली. स्थानिक प्रशासन त्यापेक्षा कमी ठरवू शकतं. म्हणून गाव, शाळा, वळण, पूल, रस्त्याचं काम अशा ठिकाणी जो बोर्ड असेल तोच खरा.

समृद्धीवर कारला १२० चालते, पण मालवाहू गाडीला तिथेही ८० च. दुचाकी-तीनचाकीला तर समृद्धीवर प्रवेशच नाही.

म्हणजे काय? तुमच्या शेजारून कार ९५ ने गेली आणि तिच्या मागे तुमचा पिकअपही ९५ ने गेला, तर कार नियमात आहे आणि पिकअप नियमाबाहेर. "साहेब, समोरची कार सोडली अन् मलेच काहून पकडलं?" हा वाद घालण्याआधी ही गोष्ट डोक्यात ठेवा.

गाडी थांबवली, आता पहिली दोन मिनिटं

१. इशारा दिसला की इंडिकेटर द्या, हळूहळू डाव्या बाजूला घ्या, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा. रात्री असेल तर आतला लाइट लावा. पळायचा विचार मनातही आणू नका. गाडीचा नंबर त्यांच्याकडे आलेला असतो, आणि कायदेशीर सूचना न पाळणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १७९ खाली वेगळा गुन्हा आहे. त्याचा दंड २,००० रुपयांपर्यंत.

२. महामार्गावर गाडीतून उतरून रस्त्याच्या बाजूने फिरू नका. मागून ट्रक येत असतात. काच खाली करा, हात दिसतील असे ठेवा. साहेबांनी बोलावलं तर डाव्या बाजूने उतरा.

३. फोन कट करा. गिऱ्हाईकाचा फोन पाच मिनिटांनी घेतला तरी चालतो.

४. नमस्कार घाला. हा साधा माणुसकीचा भाग आहे. उन्हात आठ-आठ तास उभा राहिलेला माणूस तुमच्याशी कसा बोलेल, हे बरंचसं तुमच्या पहिल्या वाक्यावर ठरतं.

कागदं कोणती आणि कशी दाखवायची

गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने मागितलं की चालकाने लायसन दाखवणं बंधनकारक आहे. कलम १३० मध्ये ते स्पष्ट आहे. सोबत आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. धंद्याची मालवाहू गाडी असेल तर फिटनेस आणि लागू असेल तर परमिट. (एकूण वजन ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. छोटा हत्तीवाल्यांनी हे लक्षात ठेवा.)

मूळ कागद जवळ नसले तरी हरकत नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली कागदपत्रं केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार चालतात. पण व्हॉट्सॲपवर पाठवलेला आरसीचा फोटो किंवा गॅलरीतला स्क्रीनशॉट म्हणजे डिजिलॉकर नव्हे. हा फरक चालकाला आजच समजावून सांगा. रस्त्यावर रेंज नसते, म्हणून सकाळी निघतानाच ॲप उघडून कागद दिसतात की नाही ते बघायचं.

पिकअप चालवणाऱ्यांसाठी एक चांगली गोष्ट: ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसनवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केलं आहे.

बोलायचं कसं?

आपल्या वऱ्हाडी माणसाचा स्वभाव मोकळा. पण मोकळेपणात दोन शब्द जास्त जातात. म्हणून चालकासोबत हा संवाद एकदा चक्क प्रॅक्टिस करा.

पोलीस: "भाऊ, ९६ ची स्पीड आहे तुमची. लायसन दाखवा."
चालक: "नमस्कार साहेब. हे घ्या लायसन. आरसी अन् इन्शुरन्स डिजिलॉकरमधी आहे, दाखवतो."
पोलीस: "इतकी घाई कायची आहे?"
चालक: "माल पोहोचवाचा आहे साहेब. मशीनचं रीडिंग दाखवता का?"
पोलीस: "हे पाहा."
चालक: "ठीक आहे साहेब. चलन करा, मी मालकाले कळवतो."

झालं. यात रडणं नाही, भांडण नाही, खोटं नाही. रीडिंग बघायला मागणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. कलम १८३ मध्येच लिहिलं आहे की एका साक्षीदाराला "गाडी जोरात वाटली" एवढ्यावर कोणाला दोषी धरता येत नाही. तो अंदाज यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या मोजमापावर आधारलेला लागतो. स्पीडगन, इंटरसेप्टर गाडी, कॅमेरा हे सगळं त्यासाठीच असतं. फक्त विचारताना सूर "दाखवता का साहेब" असा ठेवा. "दाखवा पाहू, कुठं आहे तुमची मशीन" असा नको.

काय बोलू नये?

- "ओळखता का मी कोण आहे?" ओळख लावली की समोरचा माणूस हट्टाला पेटतो.
- "सगळे चालवतात." सगळ्यांचं चलन सगळे भरतील, आपल्या हिशोबात आपलंच येतं.
- "दवाखान्यात चाललो होतो" असं खोटं कारण. मागे पनीरचे क्रेट दिसत असतात.
- शिवी, अंगावर धावून जाणं, हात झटकणं. हे कधीच नाही. सरकारी कर्मचाऱ्यावर कामात असताना हल्ला किंवा बळाचा वापर हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली गुन्हा आहे (पूर्वीचं ३५३). दीड-दोन हजाराचं चलन कुठे आणि कोर्टाच्या तारखा कुठे!

एक धास्ती पण काढून टाका. निव्वळ वेग जास्त होता म्हणून वॉरंटशिवाय अटक होत नाही. मोटार वाहन कायद्यात तशी अटक धोकादायक ड्रायव्हिंग, दारू पिऊन ड्रायव्हिंग आणि परवानगीशिवाय दुसऱ्याची गाडी नेणं यासाठी आहे. त्यामुळे साध्या ओव्हरस्पीडमध्ये घाबरून "साहेब, कसंही करून मिटवा" म्हणायची गरजच नाही.

दंड किती?

महाराष्ट्रात वाढलेले दंड डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. कायद्यात ओव्हरस्पीडसाठी हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम किंवा जड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. दुसऱ्यांदा तोच गुन्हा झाला तर चालकाचं लायसन जप्त करून आरटीओकडे पाठवायची तरतूद आहे. लायसन घेतलं तर त्याची पोच पावती मागून घ्या. पावतीशिवाय लायसन सोडून यायचं नाही.

आता हे धंद्याच्या भाषेत बघू. समजा तुमच्या मालात खर्च जाऊन १०० रुपयांमागे १० रुपये उरतात. मग २,००० चा दंड म्हणजे २०,००० च्या विक्रीचा नफा गेला. आणि वाचवलं काय? शंभर किलोमीटर सलग ८० ने गेलं तर ७५ मिनिटं, १०० ने गेलं तर ६० मिनिटं. म्हणजे फक्त पंधरा मिनिटं. तीही कागदावर. मध्ये बडनेरा आहे, मूर्तिजापूर आहे, बोरगाव मंजू आहे, टोल आहे. आणि अपघात झाला तर हा हिशोब मांडायला माणूसच राहत नाही.

"काही तरी बघून घ्या ना साहेब"

या वाक्यावर थोडं थांबूया, कारण नवीन उद्योजकाची खरी परीक्षा इथे होते. २,००० चं चलन आणि ५०० ची चिरीमिरी, डोकं लगेच १,५०० वाचल्याचा हिशोब करतं. पण भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणारा पण गुन्हेगार ठरतो, शिक्षा सात वर्षांपर्यंत. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार केल्यास देणाऱ्याला संरक्षण आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी धंद्याचं गणित बघा. ५०० ची पावती नाही, म्हणजे खर्चात दाखवता येत नाही. चालकाने खरंच ५०० दिले की २०० देऊन ३०० ठेवले, कळत नाही. आणि एकदा दिले की "आपला मालक देतो" हे चालकाला समजतं, मग तो पुढच्या वेळी ११० ने चालवतो.

म्हणून नियम एकच: पैसे द्यायचे तर मशीनची पावती घेऊनच. कोणी पैसे मागितलेच तर भांडू नका. शांतपणे म्हणा, "साहेब, चलनच करा, मालकाले पावती द्या लागते." बहुतेक वेळा विषय इथेच संपतो. नाही संपला तर वेळ, ठिकाण, नेमप्लेटवरचं नाव लक्षात ठेवा आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या टोल फ्री नंबरवर कळवा.

चलन चुकीचं वाटलं तर

रस्त्यावर कोर्ट भरवू नका. तिथे जिंकून काही मिळत नाही. चलन घ्या, निघा आणि संध्याकाळी शांतपणे बसा.

- महाट्रॅफिक ॲप किंवा राज्याच्या ई-चलन वेबसाइटवर गाडी नंबर टाकून चलन उघडा. तारीख, वेळ, ठिकाण, फोटो, वेग, कलम हे सगळं तपासा.
- गाडी तुमची आहे का? नंबर नीट वाचला आहे का? त्या वेळी गाडी तिथे होती का? तुमच्या गाडीत जीपीएस असेल तर त्या दिवसाचा रेकॉर्ड काढा. टोलची फास्टॅग नोंद पण कामाला येते.
- कॅमेऱ्याच्या चलनासाठी नियम १६७-अ आहे, ऑगस्ट २०२१ चा. त्यात उपकरणाला मान्यता प्रमाणपत्र लागतं, कॅमेरा असल्याचा सूचना फलक लागतो आणि गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत नोटीस पाठवायची असते.
- चूक आढळली तर ॲपमध्येच तक्रार नोंदवा, पुरावा जोडा. नाही पटलं तर कोर्टात म्हणणं मांडायचा हक्क आहेच. राष्ट्रीय लोक अदालतीतही ई-चलनाची प्रकरणं घेतली जातात.
- वागणुकीची तक्रार असेल तर हद्द बघा. अमरावती शहर आणि बडनेरा पोलीस आयुक्तांकडे, मूर्तिजापूर-अकोला जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे, आणि महामार्ग पोलिसांची शाखा वेगळी. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

आणि सावध राहा. "तुमचं चलन थकलं आहे" म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फाईल आली तर ती उघडायची नाही. तो फ्रॉड आहे, खातं रिकामं होतं. सरकारी वेबसाइटचा पत्ता "गव्ह डॉट इन" ने संपतो.

चलन बरोबर असेल तर गुपचूप भरून टाका. थकवत ठेवू नका. गाडी विकायला काढली की घेणारा आधी चलनंच बघतो.

आता मालकाची गोष्ट

इथपर्यंत सगळं चालकाला सांगितलं. आता तुम्हाला.

कलम १८३ फक्त चालवणाऱ्यापुरतं नाही. आपल्या नोकराला किंवा आपल्या ताब्यातल्या माणसाला लिमिटपेक्षा जास्त वेगाने गाडी चालवायला लावणारा पण त्यात येतो. त्याच कलमाच्या चौथ्या उपकलमात आणखी एक गोष्ट आहे, जी मला वाटतं प्रत्येक मालकाने भिंतीवर लावावी. अमुक वेळेत प्रवास पूर्ण करा असा आदेश किंवा वेळापत्रक दिलं, आणि लिमिट न मोडता तेवढ्या वेळात पोहोचणं शक्य नाही असं कोर्टाचं मत झालं, तर तो आदेशच आदेश देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो.

आता तुमचं व्हॉट्सॲप उघडा. "पवन, एका तासात अकोला पोहोच, पार्टी वाट पाहून राहिली." असे किती मेसेज आहेत? अमरावती-अकोला अंतर साधारण ९५ ते १०० किलोमीटर. मालवाहू गाडीची लिमिट ८०. म्हणजे हा आदेश पाळायचा तर लिमिट मोडण्याशिवाय रस्ताच नाही, आणि तो तुम्ही स्वतःच्या हाताने, तारीख-वेळेसकट लिहून दिला आहे!

कोर्टाचं सोडा. तो पोरगा तुमच्या शब्दावर गाडी पळवतो. त्याच्या घरी पण आई-बाबा आहेत, लेकरंबाळं आहेत. तुमच्या गिऱ्हाईकाला अर्धा तास उशिरा गेलेला माल परवडतो. त्याच्या घरच्यांना उशीर परवडतो, तो परत न येणं परवडत नाही.

म्हणून या आठवड्यात पाच कामं करा:

१. शब्द बदला. "१० वाजता माल येईल" ऐवजी "१० ते ११ च्या मध्ये येईल" सांगा. गिऱ्हाईक उशिराने चिडत नाही, न सांगितलेल्या उशिराने चिडतं.

२. निघायची वेळ ठरवा, पोहोचायची नाही. मालवाहू गाडीला अमरावती-अकोला दोन तास धरा. लोडिंग आदल्या रात्री करा. रस्त्यावरची घाई बहुतेक वेळा गोदामातल्या उशिरातून येते.

३. दंड कोण भरणार ते आधीच ठरवा. वेळ तुम्ही कमी दिली असेल तर दंड तुमचा. वेळ पुरेशी असून चालकाने पळवली तर त्याच्याशी बसून बोला, परत झालं तर काय, हे कामावर ठेवतानाच लिहून ठेवा. "लवकर पोहोचला तर शंभर रुपये" हे बक्षीस आजच बंद करा. त्याऐवजी महिनाभर एकही चलन नसेल तर बक्षीस द्या.

४. गाडीची फाईल करा. कागदांच्या प्रती, डिजिलॉकर चालू असलेला मोबाईल, मालाचं बिल, मालकाचा नंबर. इन्शुरन्स, पीयूसी, फिटनेस संपायच्या तारखा दुकानातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

५. चावी कोणाला देताय ते बघा. लायसन नसलेल्याला गाडी दिली तर मालकाला वेगळा ५,००० पर्यंत दंड आहे. भाचा अठराचा नसेल तर विषयच संपला. त्यात २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

मित्रांनो, धंदा म्हणजे रोजचा शब्द पाळणं. पण जो शब्द पाळायला लिमिट मोडावी लागते, तो शब्द द्यायचाच नाही. हे जमलं तर पोलिसांनी हात दाखवला तरी तुमचा चालक निवांत काच खाली करेल, कागद दाखवेल आणि "चला साहेब, येतो" म्हणून पुढे निघेल.

हा लेख आज चालकाला वाचून दाखवा, नुसता फॉरवर्ड करू नका. पुढच्या भागात डिलिव्हरीचा खर्च मालाच्या किमतीत कसा धरायचा ते बघू. भेटूया!